पीटर किलवर्थ यांचे साहसखेळ : एक परामर्श

पीटर किलवर्थ हे नाव आपल्या शिक्षकवर्गाच्या ओळखीचे असण्याचे काही कारण नाही. समुद्रविज्ञानाच्या अभ्यासकांना ते एका कामासाठी ठाऊक आहे. माणसामाणसांतील ओळखींच्या जाळ्याचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञांना ते दुसऱ्याच कामासाठी ठाऊक आहे. आणि १९८० च्या दशकात इंग्लंडमध्ये ज्यांच्या घरी किंवा शाळेत छोटा संगणक होता, त्या मुलांनी ते नाव खेळाच्या कॅसेटवर वाचले होते. या तीन मंडळींचा एकमेकांशी फारसा संबंध येत नाही. त्यामुळे तिघांचेही किलवर्थ हे एकच गृहस्थ आहेत हे पुष्कळांना उशिराच कळते. २८ जानेवारी २००८ रोजी मोटर न्यूरॉन या विकाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे ६१ वर्षांचे होते.

त्यांच्या नावावर १६० हून अधिक शोधनिबंध आहेत. केंब्रिज, नंतर ऑक्सफर्डमधील हूक इन्स्टिट्यूट आणि शेवटी साउथॅम्प्टन येथे त्यांनी काम केले. 'ओशन मॉडेलिंग' या नियतकालिकाचे ते संस्थापक-संपादक होते. या कामाचे मोजमाप त्यांच्या क्षेत्रातील लोकांनी रीतसर केलेले आहे. खेळांच्या वाट्याला मात्र बालपणीच्या आठवणी तरी येतात, नाहीतर मृत्युलेखातील एखादे वाक्य : 'फावल्या वेळात ते संगणकीय खेळही लिहीत.' आमच्या मते हे खेळ यापेक्षा अधिक गंभीर परामर्शाच्या योग्यतेचे आहेत. त्यांत काही गोष्टी फार चांगल्या आहेत आणि काही निश्चितच वाईट आहेत. शिक्षकाला या दोन्हींचा उपयोग आहे.

आधी हा प्रकार काय आहे ते सांगायला हवे. आज संगणकावरचा खेळ म्हटला की डोळ्यांसमोर चित्रे नाचू लागतात. आम्ही ज्यांविषयी लिहीत आहोत त्या साहसखेळांत चित्र नाही, आवाज नाही. पडद्यावर फक्त मजकूर. समजा, पडद्यावर अशी अक्षरे उमटली (उदाहरण आमचे आहे) : 'तू एका पडक्या वाड्याच्या चौकात उभा आहेस. उत्तरेला दिंडी दरवाजा आहे, तो बंद आहे. पूर्वेला एक अंधारी खोली आहे. पायरीवर एक कंदील पडला आहे.' यावर खेळणाऱ्याने काय करायचे ते कळफलकावर टंकायचे. 'कंदील घे.' संगणक म्हणतो, 'घेतला.' मग 'पूर्वेकडे जा.' उत्तर येते, 'इथे काळोख आहे.' 'कंदील लाव.' 'काड्यापेटी कुठे आहे?' असा संवाद तासन् तास, कधी महिनोन् महिने चालतो. कुठेही पर्याय दिलेले नसतात. काय करता येईल हेच शोधायचे असते.

संगणकाच्या पोटात मात्र वाडाही नसतो आणि कंदीलही. तिथे असतात कोष्टके. एका कोष्टकात प्रत्येक जागेला क्रमांक आणि त्या जागेवरून कोणत्या दिशेला गेले असता कोणत्या क्रमांकाची जागा येते त्याची नोंद. दुसऱ्यात प्रत्येक वस्तू सध्या कोठे आहे त्याची नोंद. तिसऱ्यात दरवाजा उघडा की बंद, कंदील पेटलेला की विझलेला, अशा हो-नाहीच्या खुणा. खेळाडूची प्रत्येक आज्ञा म्हणजे या कोष्टकांत केलेला एक बदल. गणिताच्या शिक्षकाला यात आलेख-सिद्धान्त लगेच दिसेल : जागा म्हणजे बिंदू आणि वाटा म्हणजे त्यांना जोडणाऱ्या रेषा.

हा प्रकार सुरू केला तो विल्यम क्राउदर या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने, १९७५-७६ च्या सुमारास. क्राउदरला गुहा धुंडाळण्याचा नाद होता. केंटकी राज्यातील मॅमथ गुहांच्या काही भागाचे वर्णन त्याने फोरट्रान भाषेतील एका आज्ञावलीत घातले. आपल्या मुलींना खेळता यावे हाही त्यात हेतू होता. १९७७ मध्ये स्टॅनफर्ड येथील डॉन वुड्सने त्यात भर घातली आणि तो खेळ विद्यापीठांच्या मोठ्या संगणकांवरून जगभर पसरला. केंब्रिज विद्यापीठातील 'फिनिक्स' नावाच्या मध्यवर्ती संगणकावर तो आल्यावर तेथील गणित्यांना चैन पडेना. डेव्हिड सील आणि जोनाथन थॅकरे या दोघांनी असे खेळ रचण्यासाठी एक खास भाषाच तयार केली. याच भाषेत १९७९ मध्ये किलवर्थ आणि जोनाथन मेस्टेल यांनी 'ब्रँड एक्स' नावाचा खेळ लिहिला. मेस्टेल हे गणिती आणि पुढे बुद्धिबळातील ग्रँडमास्टर. लेखकांची ही जोडी पाहिली की खेळ कसा असेल याचा अंदाज येतो.

१९८१ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये बीबीसी मायक्रो हा संगणक बाजारात आला. बीबीसीने लोकांना संगणक-साक्षर करण्याचा कार्यक्रम आखला होता आणि त्यासाठी अ‍ॅकॉर्न कंपनीकडून हे यंत्र करवून घेतले होते. इंग्लंडमधील बहुसंख्य शाळांत तो पोहोचला. आपल्याकडे १९८४-८५ मध्ये 'क्लास' या नावाने शाळांतील संगणक-साक्षरतेचा जो सरकारी प्रकल्प सुरू झाला, त्यात सुरुवातीच्या २५० शाळांना हेच यंत्र मिळाले होते. तेव्हाच्या काही शिक्षकांना त्याची लालसर-केशरी कळांची रांग अजून आठवत असेल. याच यंत्रासाठी 'ब्रँड एक्स' आटोपशीर करून १९८२ मध्ये 'फिलॉसॉफर्स क्वेस्ट' या नावाने प्रसिद्ध झाला. पाठोपाठ 'कॅसल ऑफ रिडल्स' आणि 'काउंटडाउन टू डूम' आले.

'आटोपशीर' हा शब्द वर सहज येऊन गेला, पण त्यामागे केवढी कसरत आहे पाहा. बीबीसी मायक्रोची स्मृती ३२ किलोबाइट होती. साध्या इंग्रजी मजकुराचे एक अक्षर म्हणजे एक बाइट. एका छापील पानावर सुमारे दोन हजार अक्षरे धरली, तर ३२ किलोबाइटमध्ये जेमतेम सोळा पाने मावतात. त्यातूनही काही जागा यंत्राच्या अंतर्गत कामाला आणि पडद्याला जाते. उरलेल्या डझनभर पानांत सगळ्या जागांची वर्णने, सगळ्या वस्तू, त्यांचे नियम, खेळाडूचे शब्द समजून घेणारा भाग आणि चुकीच्या आज्ञांना द्यायची उत्तरे, हे सर्व बसवायचे. आज एका मध्यम प्रतीच्या छायाचित्रालाही याच्या कितीतरी पट जागा लागते. अशा वेळी वारंवार येणाऱ्या शब्दांना किंवा अक्षरजोड्यांना एकेका बाइटचा संकेत देणे ही खेळ लिहिणाऱ्यांची नेहमीची युक्ती होती. वर्गात फळ्यावर एखादा परिच्छेद लिहून, 'आणि', 'आहे', 'त्या' यांना एकेक चिन्ह देऊन किती अक्षरे वाचतात ते मुलांना मोजायला सांगावे. दत्तांश-संक्षेप ही कल्पना समजायला यापेक्षा वेगळ्या साधनाची गरज नाही.

किलवर्थ यांनी ही विद्या लपवून ठेवली नाही. बीबीसी मायक्रो आणि इलेक्ट्रॉन या संगणकांवर साहसखेळ कसे लिहावेत याविषयीचे त्यांचे पुस्तक १९८४ मध्ये पेंग्विनने काढले. जादूगाराने खेळ झाल्यावर टोपी उलटी करून दाखवावी असा हा प्रकार होता, आणि हे शास्त्रज्ञाच्या वृत्तीला धरूनच झाले.

आता खेळांच्या गुणदोषांकडे वळू. दोष आधी सांगतो, कारण तो मोठा आहे.

किलवर्थ यांचे खेळ निर्दय आहेत. खेळाडू एखाद्या दरवाजातून सहज आत जातो आणि मरतो. कसलीही पूर्वसूचना नसते. याहून वाईट म्हणजे, तो मरत नाही, पण सुरुवातीच्या टप्प्यात एखादी वस्तू न घेतल्यामुळे किंवा चुकीच्या ठिकाणी वापरून टाकल्यामुळे पुढे दोन तासांनी अडकतो. आणि अडकलो आहोत हेही त्याला कळत नाही. तो बिचारा बंद भिंतीवर डोके आपटत राहतो. केंब्रिजच्या या पिढीतील सगळ्याच खेळांना ही खोड होती. ग्रॅहम नेल्सन या ऑक्सफर्डच्या गणित्याने, जो स्वतः पुढे या प्रकारातील मोठा लेखक झाला, १९९५ च्या सुमारास खेळाडूच्या हक्कांची एक यादीच केली. पूर्वसूचनेशिवाय मारले जाऊ नये, ही त्यातील पहिली मागणी. मागील जन्मांतील अनुभवाशिवायही खेळ जिंकता आला पाहिजे, ही आणखी एक. या मागणीचे मर्म आपल्या लोकांना समजावून सांगावे लागणार नाही. किलवर्थ यांच्या खेळातील नायकाला पूर्वजन्मीचे सगळे आठवावे लागते. या दरवाजामागे मृत्यू आहे हे त्याला ठाऊक असते ते केवळ मागच्या खेपेला तो तिथे मेला म्हणून. कथा म्हणून पाहिले तर हे हास्यास्पद आहे. कोणत्याही सुजाण कादंबरीकाराला असा नायक चालणार नाही.

या दोषावर एक बचाव नेहमी मांडला जातो : त्या काळी पैसे देऊन घेतलेला खेळ पुष्कळ दिवस पुरावा अशी गिऱ्हाइकाची अपेक्षा असे, आणि ३२ किलोबाइटमध्ये खेळ लांबवायचा तर अवघड करण्यावाचून गत्यंतर नव्हते. हे खरे आहे, पण आम्हाला पुरेसे वाटत नाही. 'ब्रँड एक्स' विद्यापीठाच्या मोठ्या संगणकावर लिहिला गेला. तिथे गिऱ्हाईक नव्हते आणि जागेचीही तेवढी चणचण नव्हती, तरी तो अवघडच होता. म्हणजे निर्दयपणा नाइलाजाने आलेला नाही. तो त्या मंडळींच्या आवडीचा भाग होता. हुशार मित्रांनी हुशार मित्रांना घातलेली ती कोडी होती. अशा मैफलीत 'सुटत नाही' हीच दाद असते. मैफलीबाहेरच्या बारा वर्षांच्या मुलाला ती दाद कशी वाटेल, याचा विचार तिथे फारसा होत नाही.

मात्र 'काउंटडाउन टू डूम'मध्ये याच दोषातून एक खरोखर चांगली गोष्ट निपजली आहे. कथानक अगदी थोडके. डूमावांगारा नावाच्या ग्रहावर तुमचे यान कोसळले आहे. तेथील वातावरणात यान झिजत चालले आहे. ठरावीक चालींच्या आत सुटे भाग आणि मौल्यवान वस्तू गोळा करून उड्डाण केले नाही, तर यानाबरोबर तुमचाही शेवट. पहिल्या खेपेला कोणीही वाचत नाही. दुसऱ्या, तिसऱ्या खेपेलाही नाही. पण लवकरच खेळाडूची वागणूक बदलते. एखादी खेप तो जगण्यासाठी खेळतच नाही. पश्चिमेकडे काय आहे एवढे पाहायचे, नकाशात नोंदवायचे आणि खुशाल मरायचे. ही खेप म्हणजे प्रयोग असतो. पुढची खेप दुसरा प्रयोग. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सर्व तसेच ठेवायचे. पंधरा-वीस प्रयोगांनंतर नकाशा पुरा होतो आणि मग प्रश्नाचे स्वरूपच पालटते : ज्ञात असलेल्या या जागांना कोणत्या क्रमाने भेट दिली तर चालींची सर्वांत बचत होईल? हा फिरत्या विक्रेत्याचा सुप्रसिद्ध गणिती प्रश्न आहे, आणि खेळाडू त्याला नाव ठाऊक नसतानाही त्यात बुडून गेलेला असतो.

इथे मृत्यू ही शिक्षा राहत नाही, ती माहिती होते. नेल्सनची मागणी कथेच्या दृष्टीने योग्य आहे. पण 'डूम' ही मुळात कथा नाहीच, ती प्रयोगवही आहे. आमचा किलवर्थ यांच्यावरचा आक्षेप एवढाच राहतो की, त्यांनी प्रत्येक वेळी हा फरक ओळखला नाही. जिथे मरणे स्वस्त आहे आणि त्यातून काही कळते, तिथे त्यांची रचना उत्तम. जिथे दोन तासांपूर्वीची चूक गुपचूप पाठीशी लपून राहते, तिथे ती निव्वळ छळ. चुकीचा परिणाम चुकीपासून इतका दूर ठेवला तर त्यातून कोणीच काही शिकत नाही. परीक्षेच्या उत्तरपत्रिका तीन महिन्यांनी परत करणाऱ्या आपल्या पद्धतीलाही हेच लागू आहे, पण तो विषय वेगळा.

१९८७ पासून त्यांचे खेळ टोपोलॉजिका या शैक्षणिक आज्ञावल्या काढणाऱ्या संस्थेकडे आले. जुना 'डूम' वाढवून नव्याने निघाला, १९८८ मध्ये 'रिटर्न टू डूम' आणि १९९० मध्ये 'लास्ट डेज ऑफ डूम' असे त्याचे पुढचे भाग आले. या आवृत्त्यांत अडलेल्या खेळाडूसाठी टप्प्याटप्प्याच्या सूचना डिस्कवरच दिलेल्या होत्या. पहिली सूचना नुसती दिशा दाखवणार, पुढची थोडे अधिक सांगणार, शेवटची उत्तरच देणार. किती मदत घ्यायची ते खेळाडूने ठरवायचे. आमच्या मते केंब्रिजच्या मैफलीतून बाहेर पडून शाळेच्या जगात आल्याची ही सर्वांत मोठी खूण. आपल्याकडच्या मार्गदर्शकांत प्रश्नाखाली थेट उत्तर असते. मधल्या पायऱ्या कोणी छापत नाही. त्या पायऱ्या लिहिणे हे उत्तर लिहिण्यापेक्षा कठीण काम आहे. ज्याने ते करून पाहिले असेल त्यालाच हे पटेल.

याच काळात आला 'जायंट किलर'. जॅक आणि वेलाची परिचित गोष्ट घेऊन रचलेला हा गणिताचा साहसखेळ शाळांसाठी होता. त्या काळात इंग्लंडमध्ये असे आणखीही प्रयत्न झाले. गणित-शिक्षकांच्या संघटनेने १९८४ मध्ये 'एल' नावाचा असाच एक खेळ काढला होता. 'जायंट किलर'मधील कल्पना धाडसी आहे, ती अशी की जगातील अडथळे तलवारीने नव्हे, विचाराने दूर व्हावेत. संगणक इथे 'शाब्बास, उत्तर बरोबर' असे म्हणणारा मास्तर नसतो. विचार बरोबर असेल तर वाट मोकळी होते, नसेल तर होत नाही. उत्तराची खातरजमा परिस्थितीच करते. आजच्या शैक्षणिक खेळांत बहुधा याच्या उलट दिसते. एक गणित, चार पर्याय, बरोबर उत्तराला टाळ्यांचा आवाज आणि मग एका मिनिटाचा खेळ बक्षीस. तिथे गणित म्हणजे खेळापर्यंत पोहोचण्यासाठी भरायचा जकातीचा नाका. किलवर्थ यांनी निदान गणितालाच खेळ मानले. तरीही परीकथा आणि गणित यांचा सांधा जागोजागी दिसतोच. त्या वेलीवर चढायला गणित का लागावे याचे उत्तर गोष्टीत नाही, ते अभ्यासक्रमात आहे. 'डूम'मधले गणित कुणी गणित म्हणून ठेवलेले नव्हते, म्हणून ते अधिक अस्सल वाटते.

आता थोडे पहिल्या किलवर्थांकडे, कारण त्यांच्या संशोधनाकडे पाहिल्याशिवाय खेळांतील एक गोष्ट लक्षात येत नाही.

समुद्राच्या पृष्ठभागावरचे पाणी हिवाळ्यात कडक थंड वाऱ्याने गारठते, जड होते आणि काही मोजक्याच ठिकाणी खोलवर बुडते. लॅब्राडोर समुद्र, ग्रीनलंड समुद्र, भूमध्य समुद्राचा वायव्येकडील भाग आणि अंटार्क्टिकाजवळचा वेडेल समुद्र ही त्यांपैकी काही. हे बुडणे रुंद प्रदेशात एकसारखे होत नाही, अरुंद स्तंभांत होते. शास्त्रज्ञ त्यांना चक्क 'चिमणी' म्हणतात. मात्र गिरणीच्या चिमणीतून धूर वर जातो आणि इथे पाणी खाली जाते. अशा चिमण्या कशा तयार होतात यावर किलवर्थ यांनी १९७९ मध्ये काम प्रसिद्ध केले आणि १९८३ मध्ये जगभरच्या समुद्रांतील या घटनेचा विस्तृत आढावा घेतला. महासागरांच्या तळाशी थंड पाणी पोहोचते ते अशाच मार्गांनी.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. महासागरांत पूर्वेकडून पश्चिमेकडे फार संथपणे सरकणाऱ्या प्रचंड लांबीच्या लाटा असतात. रॉसबी या शास्त्रज्ञाच्या नावाने त्या ओळखल्या जातात. महासागर ओलांडायला त्यांना कित्येक महिने ते वर्षे लागतात. १९९२ मध्ये सोडलेल्या टोपेक्स-पोसायडन उपग्रहाने समुद्रपातळी बारकाईने मोजायला सुरुवात केल्यावर या लाटा स्पष्ट दिसू लागल्या आणि १९९६ मध्ये असे जाहीर झाले की, उष्ण कटिबंधाबाहेर त्या प्रचलित सिद्धान्तापेक्षा बऱ्याच जलद, काही अक्षांशांवर दुपटीच्या आसपास वेगाने जातात. पुढच्याच वर्षी किलवर्थ, चेल्टन आणि डी झोक यांनी दाखवले की जुन्या सिद्धान्तात समुद्र मुळात स्थिर धरला होता. प्रत्यक्षात त्यात खोलीनुसार बदलणारे पूर्व-पश्चिम प्रवाह असतात. ते हिशेबात घेतले की तफावतीचा बराचसा भाग निघून जातो.

समुद्राचे संगणकीय प्रतिमान करतानाही महासागराचे लहान लहान चौकोनी ठोकळे पाडतात, प्रत्येक ठोकळ्यात तापमान, क्षारता, प्रवाह यांची नोंद ठेवतात आणि ठरलेल्या नियमांनी एकेक पाऊल पुढे जातात. जागा, त्यांची अवस्था, नियम आणि पाऊल; साहसखेळाचीही सामग्री हीच. तेव्हा समुद्राचा प्रतिमानकार साहसखेळ लिहू लागला यात नवल नाही, असे म्हणण्याचा मोह होतो. आम्ही तो आवरता घेतो. खेळाच्या लेखकाला बंद दरवाजामागे काय आहे ते माहीत असते, कारण ते त्यानेच ठेवलेले असते. समुद्राच्या बाबतीत ते कोणालाच माहीत नसते. खेळात उत्तर आहे याची खेळाडूला खात्री असते. संशोधकाला तशी हमी कोणी देत नाही. साहसखेळ खेळून मूल वैज्ञानिक होईल, असा दावा म्हणूनच करू नये. त्याला नोंद ठेवायची सवय लागेल, एवढे मात्र नक्की.

या नोंदीवरून दुसऱ्या किलवर्थांची आठवण होते. रसेल बर्नार्ड या मानववंशशास्त्रज्ञाबरोबर त्यांची जोडी जमली ती १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, समुद्रविज्ञानाच्याच वर्तुळात. दोघांच्या सुरुवातीच्या निबंधांपैकी एक संशोधन-जहाजावरील माणसांच्या परस्परसंबंधांविषयी होता. पुढे त्यांनी एक साधा प्रश्न घेतला : 'गेल्या काही दिवसांत तुम्ही कोणाकोणाशी बोललात?' असे विचारल्यावर लोक जे सांगतात ते खरे असते का? हौशी रेडिओचालक, दूरमुद्रकावरून संवाद साधणारे कर्णबधिर लोक, कार्यालयातील कर्मचारी अशा गटांत, जिथे प्रत्यक्ष संभाषणाची वेगळी नोंद होऊ शकत होती, तिथे त्यांनी दोन्ही ताडून पाहिले. निष्कर्ष अस्वस्थ करणारा होता. लोकांच्या सांगण्यातील सुमारे निम्मे कोणत्या ना कोणत्या प्रकारे चूक निघाले. माणसाच्या स्मरणाविषयी असा पुरावा हाती असलेल्या माणसाने जे खेळ लिहिले, ते वही-पेन्सिलीशिवाय खेळताच येत नाहीत. आम्हाला हा योगायोग वाटत नाही, पण तो आमचा तर्क आहे.

याच जोडीचे आणखी एक काम गणिताच्या तासाला उपयोगी पडेल. १९८५ च्या सप्टेंबरात मेक्सिको शहरात भीषण भूकंप झाला. मृतांचा आकडा नक्की किती, यावर वाद होता. यांनी विचार केला : लोकांना 'तुमच्या ओळखीचे कोणी भूकंपात गेले का?' असे विचारले तर? एखाद्याच्या ओळखीत अशा व्यक्तींचे जे प्रमाण, तेच सरासरीने संपूर्ण लोकसंख्येत असणार. समजा, १० लाखांच्या शहरात ५०० जणांना विचारले. प्रत्येकाच्या सरासरी ३०० ओळखी धरल्या, तर एकूण ओळखी दीड लाख. या ५०० जणांनी मिळून ३० ओळखीच्या व्यक्ती सांगितल्या, तर दीड लाखात ३० म्हणजे १० लाखांत २००. त्रैराशिकच! अडचण एकच : एका माणसाच्या ओळखी किती, हे कसे ठरवायचे? तेही उलट त्रैराशिकाने. ज्या गटाची संख्या आधीच ठाऊक आहे, उदाहरणार्थ डाकसेवक, असा गट घ्यायचा आणि 'तुमच्या ओळखीचे डाकसेवक किती?' असे विचारायचे. अशा रीतीने अमेरिकेतील माणसासाठी सरासरी २९० च्या आसपास आकडा निघाला. बेघर लोक, एचआयव्हीबाधित अशा सहजी मोजता न येणाऱ्या गटांच्या अंदाजासाठी ही पद्धत पुढे वापरली गेली. पद्धतीत त्रुटी आहेतच. आपल्या ओळखीच्या माणसाला अमुक आजार आहे हे आपल्याला ठाऊक असतेच असे नाही. पण त्या त्रुटी कोणत्या, हे नववीच्या मुलांना शोधायला लावले तर एक तास छान जाईल.

खेळांकडे परत येऊन उरलेले आक्षेप थोडक्यात सांगतो. भाषा कोरडी आहे. दोन शब्दांच्या आज्ञांपलीकडचे त्यांना फारसे समजत नाही. माणसे जवळजवळ नाहीतच. जी आहेत ती कुलपासारखी आहेत, योग्य किल्ली मिळाली की उघडणारी. माणसांच्या संबंधांवर अनेक वर्षे काम केलेल्या लेखकाच्या खेळांत ही उणीव अधिकच जाणवते. शिवाय काही कोडी इंग्रजी शब्दांच्या खेळावर बेतलेली असल्याने आपल्या मुलांना ती सुटणार नाहीत, आणि त्यात मुलांचा काही दोष नाही.

हे खेळ आज खेळता येतात. जुन्या बीबीसी मायक्रोची नक्कल करणाऱ्या आज्ञावल्या विनामूल्य मिळतात, आणि 'फिनिक्स'वरील खेळांपैकी कित्येक हौशी लोकांनी खटपट करून आजच्या संगणकांवर चालतील अशा रूपात आणले आहेत. ज्यांना वेळ आहे त्यांनी 'काउंटडाउन टू डूम'पासून सुरुवात करावी. 'फिलॉसॉफर्स क्वेस्ट' शेवटी, आणि सूचना जवळ ठेवून.

संगणक नसला तरी अडत नाही. आठवी-नववीच्या वर्गात तीन-तीन मुलांचे गट करावेत. एकाने संगणक व्हायचे, एकाने खेळाडू, तिसऱ्याने नोंदनीस. संगणक झालेल्या मुलाने आदल्या दिवशी आपल्या शाळेच्या आठ-दहा जागांचे कोष्टक लिहून आणायचे : कोणत्या जागेवरून कोठे जाता येते, कोणती वस्तू कोठे आहे, कशाने काय उघडते. खेळताना कोष्टकात लिहिलेले असेल तेवढेच बोलायचे. मनाने काही घालायचे नाही. खेळाडूने 'प्रयोगशाळेचे कपाट उघड' म्हटले आणि कोष्टकात कपाट उघडण्याचा नियमच नसला की भांडण सुरू होते. 'अरे, कपाट आहे म्हणजे उघडणारच ना!' 'तसं लिहिलेलं नाहीये.' हे भांडण शिक्षकांनी मिटवू नये. कोष्टकात एक ओळ वाढवायची की नाही ते त्या तिघांना ठरवू द्यावे, आणि वाढवली तर नोंदनिसाने तारीख घालून लिहून ठेवावे.